कपाळावरचं मीठ

प्रतिक्षाने उजव्या हाताचा मोजा एकेका बोटावरून सोडवत काढला आणि काचेच्या ताटलीत ठेवला. लॅब सांभाळणाऱ्या सुहासिनी मॅडमनी चिमट्यात धरलेला ओला बोळा मोज्याच्या टोकांवरून फिरवला आणि एका बाटलीत टाकला. मग डावा मोजा. मग तोंडावरचा मास्क, टोपी, गाऊनची बाही. लॅबच्या दाराशी सुपरवायझर निलेश हाताची घडी घालून उभा होता. दुसऱ्याची झडती बघताना माणसाला जरा अवघडल्यासारखं होतं, तसं त्याला मुळीच झालेलं दिसत नव्हतं.

"गळ्यापाशीपण घ्या मॅडम," तो म्हणाला. "हिचं बोट सारखं कॉलरच्या आत असतं. कॅमेऱ्यात बघितलंय मी."

प्रतिक्षा खाली बघत राहिली. आज तिला लवकर सुटायचं होतं. ईराला पुन्हा खोकला झाला होता, पेणच्या डॉक्टरांकडे न्यायचं होतं. दीड वर्षाच्या त्या पोरीचा खोकला जायचा म्हणून नव्हता. एक बाटली संपली की डॉक्टर दुसरी लिहून द्यायचे, आणि प्रतिक्षा दर वेळी ह्या बाटलीने तरी उतार पडेल अशी आशा धरायची. आता ही झडती संपेपर्यंत दवाखाना बंद होणार, हे तिला कळून चुकलं होतं.

रोह्याबाहेरच्या या कंपनीत तांब्याची वायर तयार व्हायची. केसाचे उभे चार भाग केले तर त्यातल्या एकाएवढी बारीक. तिच्यावर पॅलेडियम नावाच्या पांढऱ्या धातूचा मुलामा. मोबाइलमधल्या, गाडीतल्या चिपच्या पोटात ही वायर टाक्यासारखी जोडतात आणि वरून काळं प्लास्टिक ओतून ते पोट कायमचं बंद करून टाकतात. नुसतं तांबं हवेने काळवंडतं, म्हणून हा मुलामा. पण मुलामा तो केवढा, नावापुरता. त्यावर मिठाचा अंश जरी बसला तरी दमट उकाड्यात ते मीठ जोडाच्या फटीत शिरतं आणि आतल्या आत जोड खात बसतं. बाहेरून काही कळत नाही. सगळं ठीक चाललंय असं वाटत असतानाच एक दिवस गाडी सुरू होत नाही.

गेल्या काही महिन्यांत गिऱ्हाइकाकडून परत आलेली रिळं सगळीच्या सगळी प्रतिक्षाच्या मशीनवर गुंडाळलेली निघाली होती, आणि लॅबला त्यांच्यावर मीठ सापडलं होतं. ही बातमी कँटीनमध्ये पोचायला कितीसा वेळ लागणार? प्रतिक्षाचं सासर पेणजवळ खाडीकाठी, सासरा मिठागरवाला. मग काय, आमटी अळणी झाली की लोक तिच्याकडे बघायला लागले. एकाने तर ताट पुढे करून, "वहिनी, जरा हात फिरवा," असंही म्हणून घेतलं. तीही हसली होती तेव्हा. नोकरी जाईल या धास्तीने माणूस बऱ्याच गोष्टींना हसतो.

मॅडमचा बोळा कॉलरपाशी आला तेव्हा प्रतिक्षाने त्यांचा हात धरला.

"मॅडम, थांबा. तसं नका करू. मीच काढून देते."

सुहासिनीने तिच्याकडे पाहिलं. मग निलेशकडे वळून म्हणाली, "तू बाहेर जा जरा."

"अहो पण मॅडम, मला रिपोर्टमध्ये..."

"निलेश, बाहेर."

तो गेला. प्रतिक्षाने पाठ फिरवली, गाऊनची चेन खाली ओढली आणि आतून एक घडी केलेलं झबलं काढलं. पिवळं, धुऊन धुऊन विटलेलं, गळ्याशी नाडी असलेलं. मान खाली घालूनच तिने ते ताटलीत ठेवलं.

"मुलीचं आहे. सासूबाई म्हणतात, अंगावर पाजणारी आई कामाला गेली तर लेकराचं रात्रीचं कापड छातीशी ठेवावं, मग लेकरू घरी रडत नाही. दूधपण आटत नाही. आमच्याकडे सगळ्याच बायका ठेवायच्या, मिठागरात काम करताना." ती थांबली. "ती आजारी असते ना मॅडम. मध्येच आठवण आली की बोट लावून बघते. क्लीनरूममध्ये चालत नाही हे मला माहीत होतं. चुकलंच माझं."

"मोजा घातलेलं बोट?"

"हो."

"आणि मग त्याच बोटाने वायर ओवतेस."

प्रतिक्षाच्या डोळ्यांत पाणी आलं. सुहासिनीने मात्र रागावण्याऐवजी सुटकेचा श्वास सोडला. रोह्यातली ही बाई, घरात सगळे मास्तर नाहीतर वकील, पण कामगारांशी बोलताना तिचा आवाज कधी चढायचा नाही. तिने झबल्याची एक कड कातरली, शुद्ध पाण्यात बुडवली आणि ते पाणी यंत्राला दिलं.

"बस. वेळ लागतो याला."

पडद्यावर एक रेघ सरळ चालली होती. जिथे मीठ असेल तिथे ती डोंगरासारखी वर चढते, एवढं प्रतिक्षाला ठाऊक होतं. मोज्यांच्या बोळ्याचं पाणी मॅडमनी आधी लावलं होतं, त्याची टेकडी येऊन गेली. आता रेघ चढू लागली, चढतच राहिली आणि पडद्याच्या वरच्या कडेला जाऊन तुटली.

सुहासिनी खुर्चीत पुढे सरकली. "हे कशात धुतेस तू? खाडीच्या पाण्यात?"

"नाही हो. टाकीच्या पाण्यात. पण हे धुतलेलं नाही, रात्री तिच्या अंगात होतं ते तसंच आणलंय. नुसता घाम आहे तिचा." सुटकेच्या भरात प्रतिक्षा जास्तच बोलू लागली. "ती आहेच खारट मॅडम. जन्मापासून. पापा घेतला की ओठांना मीठ लागतं. सासरे तर तिला खारी म्हणूनच हाक मारतात. म्हणतात, मिठागराचा वंश आहे, गोड कशी निघेल?"

सुहासिनी हसली नाही. तिने कातर उचलली. "तुझ्या कुर्त्याची कड घेऊ का जरा? घामाची."

काखेजवळची बारीकशी कड कापून तिने तीही पाण्यात टाकली. पुन्हा रेघ. पुन्हा तेवढंच थांबणं. या वेळी एक लहानशी टेकडी आली आणि रेघ मुकाट्याने खाली उतरली.

"तू त्याच घरातली, तेच पाणी पितेस, तेच मीठ खातेस," सुहासिनी हळू म्हणाली. "तुझ्यात नाही एवढं."

"मग?"

"आजारी असते म्हणालीस. खोकला असतो? किती दिवस?"

"असतोच. मध्ये जरा बरा असतो, मग परत."

"खाते नीट?"

"खूप खाते. आमच्यापेक्षा जास्त. पण अंगाला लागत नाही काही."

"शी कशी होते? चिकट? तेलकट, खूप वास येणारी?"

हे सगळं हिला कसं माहीत, असा प्रश्न प्रतिक्षाच्या चेहऱ्यावर उमटला. तिने नुसती होकाराची मान हलवली. मघापासून जी भीती नोकरीची होती ती आता जागा बदलत होती, आणि नवी जागा कुठली ते तिला कळत होतं.

सुहासिनीने खुर्ची वळवून तिच्यासमोर घेतली. "हे बघ, मी डॉक्टर नाही. पण लग्नाआधी मी मुंबईत एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये होते. तिथे आम्ही लहान मुलांच्या घामातलं मीठ मोजायचो. काही मुलांच्या अंगात मीठ जिथे राहायला हवं तिथे राहत नाही, घामातून बाहेर येतं. आणि मग आत छातीत, पोटात सगळं घट्ट चिकट होत जातं. झबल्यावरून सांगता येत नाही. कापड आहे, काहीही असू शकतं. तू तिला मुंबईला ने. घामाची तपासणी करायची आहे असं स्पष्ट सांग, नाहीतर ते पुन्हा खोकल्याचं औषध देतील."

"बरं होतं ना मॅडम ते?"

सुहासिनीने यंत्राचं झाकण बंद केलं. ते बंदच होतं, तरी पुन्हा दाबलं.

"औषधं असतात. जन्मभर घ्यावी लागतात. आधी तपासू या ना. माझं चुकतही असेल. चुकलेलंच असू दे माझं."

प्रतिक्षा त्या तुटलेल्या रेघेकडे बघत राहिली. तांब्याच्या तारेला वाचवायला माणसं मुलामा चढवतात, गाऊन घालतात, हवा गाळून आत सोडतात. एवढं सगळं एका तारेसाठी. तिच्या पोरीला कसला मुलामा चढवणार होतं कोणी? तिला एकदम रडायलाच यायला हवं होतं, पण डोळे कोरडे पडले होते.

बाहेर निलेश येरझाऱ्या घालत होता. मॅडमनी त्याला कापडाचं सांगितलं, बाकीचं सांगितलं नाही. त्याचा चेहरा एकदम उजळला.

"सुटलो!" तो म्हणाला. "मला वाटलं, वायर ओढायचं तेलच बदलावं लागतंय की काय. प्रतिक्षा, तू टेन्शन घेऊ नकोस. वॉर्निंग देतील, नोकरीला काय होत नाही, मी बोलतो वर. उद्यापासून ते कापड लॉकरमध्ये ठेवत जा. चहा घेणार?"

बिचारा मनापासून म्हणाला होता. ती "नको" म्हणाली आणि सुहासिनी मॅडमनी दिलेली हॉस्पिटलच्या पत्त्याची चिठ्ठी पर्समध्ये ठेवून निघाली.

रोह्याहून सुटलेली मेमू अर्धी रिकामी होती. निडी गेलं, नागोठणं गेलं. ऑक्टोबरच्या उकाड्याने खिडकीची सळईसुद्धा तापली होती. प्रतिक्षाने प्रविणला फोन लावला आणि लागायच्या आत तोडला. तिचा नवरा उरणच्या बंदरात ट्रेलर चालवायचा, आठवड्याने घरी यायचा. ट्रेलर चालवणाऱ्या माणसाला फोनवर काय सांगायचं? तुझ्या मुलीच्या झबल्यात मीठ निघालं? तो हसला असता. आजवर सगळेच हसत आले होते.

सगळ्यांत जास्त हसायचा तो तिचा सासरा, कान्हू. मिठागर होतं तेव्हा नुसता खडा जिभेवर ठेवून तो कुठल्या कोंडीतलं, म्हणजे कुठल्या वाफ्यातलं, मीठ आहे ते सांगायचा. मोठ्या भरतीच्या पाण्याचं की लहान, तेही. मिठागर गेलं, पण जिभेची खोड गेली नाही. रोज संध्याकाळी तो ईराला मांडीवर घ्यायचा, तिच्या घामेजल्या कपाळाला जिभेचं टोक लावायचा आणि डोळे मिटून निकाल द्यायचा, "आज उधानाचं हाय!" पोरगी खिदळायची. शेजारी जमायचे. कान्हूची छाती फुगायची. प्रविणच्या आधीचा त्याचा थोरला, नाथा, तोही असाच खारट होता म्हणे. तो दोन वर्षांचा होऊन गेला. भिंतीवर त्याचा फोटो नव्हता, पण ईरा झाल्यापासून कान्हू सारखं म्हणायचा, "माझा नाथाच फिरून आला."

हे आठवलं आणि प्रतिक्षाने खिडकीची सळई घट्ट धरली. कासू स्टेशन येऊन गेलेलं तिला कळलं नाही.

पेणला उतरून तिने मिनीडोर रिक्षा पकडली. घरी पोचली तेव्हा उन्हं कलली होती. पडवीत कान्हू बसला होता आणि त्याच्या मांडीवर ईरा, हातात मुरमुऱ्यांची वाटी. बरगड्या दिसत होत्या आणि पोट तेवढं पुढे आलेलं. आईला बघून तिने हात पुढे केले, हसली, आणि हसता हसता खोकला आला. खोकून झाल्यावर पुन्हा तशीच हसली.

"आली का गो?" कान्हू म्हणाला. "डागदरकडं न्यायची व्हती ना हिला? उशीर केलास. पन आज बरी हाय. दोन येला पेज प्याली खारी."

सासू, पुतळी, आतून पाण्याचा तांब्या घेऊन आली. सुनेचा चेहरा बघून तिने तांब्या दिलाच नाही, हातात धरून उभी राहिली. "काय जालं गो? कामावरून काढला का?"

"नाय आई. कामाचं बरं हाय." प्रतिक्षा पायरीवरच बसली. कुठून सुरुवात करावी ते तिला सुचेना. वाटेत तिने चार वाक्यं ठरवली होती, त्यातलं एकही आता तोंडात येत नव्हतं. "बाबा, आपला मिठागर कवा बुडाला?"

हा कान्हूचा आवडीचा विषय. तो सरसावून बसला. "बांधाला खांड पडली त्या साली. रातच्या उधानानं बांध नेला, सकालला बघतंय तर सगला दर्या. प्रविण तवा शालेत व्हता. तुजं तर नावपन ठावं नव्हतं आमाला."

"म्हंजे ईरा तिथं कवा गेलीच नाय."

"ही कशी जाल? आता निस्ती तिवरं हाईत तिथं. मानूस शिरत नाय." तो हसला, ईराच्या केसांवरून हात फिरवला. "मिठागर हिच्या रगतात हाय. नाथाच्या पन व्हता. तो तं मिठागराच्या झोपडीतच जलमला."

प्रतिक्षा सासूकडे वळली. "आई, नाथा कशानं गेला?"

पुतळीला हा प्रश्न कुणी विचारल्याला किती तरी वर्षं झाली असतील. तिने तांब्या खाली ठेवला.

"खोकल्यानं. झोपडीत वारा यायचा ना रातभर, खारा. दोघांचा खायचा, पन हाडं वर आलेली. डागदर म्हनला, खारा वारा मानवला नाय." ती जरा थांबली. "मी यांना तवाच सांगितलेला, पोराला गावात ठेवू. यांनी ऐकला नाय."

कान्हूने मान खाली घातली. ही बोलणी त्याने याआधीही खाल्ली असावीत.

"आनि ईराला कोनचा वारा लागला, आई?"

प्रतिक्षाने हे अगदी हळू विचारलं. तिला कुणाला दुखवायचं नव्हतं. ईराने वाटीतला मुरमुरा उचलून आजोबाच्या ओठांशी नेला, तो त्याने घेतला नाही.

मग तिने जमेल तसं सांगितलं. झबलं, मोजा, रेघ कुठवर चढली ते. तिचा स्वतःचा घाम मोजला तर त्यात एवढं मीठ नव्हतं, ते. "मॅडम म्हनतात, मीठ भायेरून येत नाय. आतून येतं. मुंबईला न्यायला सांगितलाय. घामाची तपासनी असते."

पुतळी भिंतीला टेकून खाली बसली. पदर तोंडाशी नेला, पण रडली नाही. "म्हंजे वारा नव्हता," ती म्हणाली. "इतकी वर्षं मी यांना बोल लावला." नवऱ्याकडे तिने बघितलं नाही. बघवलं नसावं.

"पुतले," कान्हू म्हणाला. "पानी दे तो."

तांब्यातलं पाणी पिण्याचं होतं, टँकरचं, खाडीकाठच्या या खारेपाटात जपून वापरायचं. कान्हूने ते ओंजळीत घेतलं आणि ईराच्या कपाळावर ओतलं. पुन्हा घेतलं, पुन्हा ओतलं. तांब्या रिकामा होईपर्यंत तो ओतत राहिला. कुणी त्याला अडवलं नाही. मग खांद्यावरच्या टॉवेलने त्याने तिचं कपाळ पुसलं, कानामागून पुसलं, गळ्याच्या वळ्या पुसल्या, भांडं घासावं तसं नेटाने. ईराला गंमत वाटली. ती पाय झाडत हसली.

पुसून झाल्यावर तो टॉवेल हातात धरून बसला. पडवीत वाऱ्याची झुळूक नव्हती. बघता बघता पोरीच्या कपाळावर, केसांच्या मुळाशी, घामाचे बारीक थेंब पुन्हा दिसू लागले.

प्रतिक्षा बघत होती. पुतळीही बघत होती. कान्हूने थोडं वाकल्यासारखं केलं आणि तिथेच थांबला. त्याचे ओठ घट्ट मिटलेले होते. शेवटी त्याने तोंड खाडीकडे फिरवलं.

रोजचा खेळ सुरू झाला असं ईराला वाटलं. डोळे गच्च मिटून, कपाळ पुढे करून ती आजोबाची वाट बघत राहिली.